‘कळव’ की ‘कळवा’?

अमरावतीहून ठाण्याला सहलीसाठी कुणी जात नाही. मे महिन्यात तर नाहीच. जमलं तर चिखलदरा गाठायचा, नाहीतर घरात वाळ्याचे पडदे भिजवून बसायचं, अशी आमची रीत. त्यामुळे सुट्टीत ठाणे, कळवा, डोंबिवली आणि कल्याण पाहून आले असं मी सांगितलं, तेव्हा कॉलेजातल्या मैत्रिणींनी आधी माझ्याकडे आणि मग एकमेकींकडे पाहिलं. डोकं फिरलेल्या माणसाला आमच्याकडे नागपूर दाखवतात आणि मुंबईकडे ठाणं, हे त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, हसा खुशाल. मी एक होकार आणायला गेले होते आणि तो घेतल्याशिवाय परतणार नव्हते.

होकार हवा होता आठल्ये सरांचा. मी आज कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते ती त्यांच्यामुळे. मॅट्रिकनंतर मला शिकवायला माझे वडील तयार नव्हते. तेव्हा सर आमच्या घरी आले, खुर्चीत बसले आणि "तुम्ही हो म्हणेपर्यंत मी उठत नाही," म्हणाले. दिवेलागणीला वडील हो म्हणाले. पुढे वर्गात अभ्यासक्रम संपला की सर स्वतःची वही उघडत आणि त्यात नसलेलं नवं शास्त्र, क्वांटमचं, म्हणजे पुंजवादाचं, मराठीतून शिकवत. निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे डोंबिवलीला गेले. उजवा डोळा लहानपणापासून अधू. डाव्यात मोतीबिंदू झाला, वाढला आणि आता पिकला होता. कल्याणच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की पावसाळ्याआधी ऑपरेशन करा, नाहीतर हाही डोळा जाईल. सर ‘हो’ म्हणत नव्हते आणि ‘नाही’ही म्हणत नव्हते. ‘बघू’ म्हणत होते. शेवटी त्यांच्या सुनेचं, मालतीवहिनींचं, पत्र आलं: "तुम्ही या. मामंजी तुमचं ऐकतील."

मी सरांना लिहिलं की मी येतेय, कुठे भेटू? त्यांचं कार्ड आलं. अक्षरं एकमेकांवर चढलेली, ओळ उतरणीला लागलेली. मजकूर एवढाच: "रविवारी सकाळी भेटू. कळवा."

ठाणे, शनिवार

गाडीचा प्रवास गाळते. त्यात उकाड्याशिवाय काही नव्हतं.

ठाण्यात माझी आतेबहीण शांता खोपटला राहते. दोन-चार घरं, मग शेतं, मग पुन्हा दोन-चार घरं. उकाडा आमच्याही गावी असतो, पण आमचा उकाडा भाजतो आणि इथला चिकटतो. दुपारी पातळ बदलून दहा मिनिटं झाली नाहीत तोच पुन्हा बदलावंसं वाटलं. शांताने फणसाची भाजी केली होती, ती मात्र मी दोनदा वाढून घेतली.

एक फरक पहिल्याच तासात लक्षात आला. आमच्या वऱ्हाडात पाहुणा आला की चहा चुलीवर चढतो, त्याला कुणी विचारत बसत नाही. इथे विचारतात. शांता म्हणाली, "चहा घेणार का सरबत करू?" मला खरं तर काहीच नको होतं. पण प्रश्नात ‘काही नको’ला जागाच नव्हती. मी सरबत प्याले.

कार्डाचा अर्थ मी अमरावतीलाच लावून ठेवला होता. सर मला कायम ‘अगं-तुगं’ करतात. उत्तर पाठव म्हणायचं असतं तर त्यांनी ‘कळव’ लिहिलं असतं. ‘कळवा’ लिहिलंय, म्हणजे ते गाव. शिवाय दर रविवारी आपण कळव्याला एका मिठागरावर जाऊन बसतो, असं त्यांनी मागे एकदा लिहिलंही होतं. शांताला कार्ड दाखवलं. तिने क्षणभरही विचार केला नाही.

"कळवा म्हणजे कळवा. पूल ओलांडला की आलंच."

"उत्तर कळवा, असंही असेल."

"ठाण्यात ‘कळवा’ वाचून कुणाला असलं काही सुचत नाही गं," शांता म्हणाली. "तुम्ही शिकलेल्या बायका उगाच घोळ घालता."

कळवा, रविवार

सकाळी टांग्याने खाडीचा जुना दगडी पूल ओलांडला. ओहोटी होती. दोन्ही बाजूंना काळा चिखल, त्यात बगळे, आणि पुढे मिठागरांचे चौकोन उन्हात चकाकत होते. टांगेवाला म्हणाला, "बाई, इधर कोणाकडे जायचं? इथे तर मीठच मीठ आहे." मी म्हटलं, मिठाकडेच जायचंय.

बांधावर छत्री उघडून तासभर उभी राहिले. सरांचा पत्ता नाही. मिठागरावरचे लोक लांबून माझ्याकडे पाहत होते. मी वही काढून वेळ टिपली, तसा एक माणूस झोपडीत गेला आणि आतून भांडी हलवल्याचे आवाज आले. थोड्या वेळाने एक बाई आली. हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत, पायाला मीठ. तिने मला सरळच विचारलं.

"तू दारूबंदीची बाय हायस का?"

"नाही हो! मी मास्तरीण आहे. आठल्ये सरांना भेटायला आलेय."

ती अशी हसली की मागच्या झोपडीतला माणूसही बाहेर आला. तो हिराजी पाटील, मिठागराचा कामकरी, आणि ती त्याची बायको सोनीबाय. हिराजी म्हणाला, "मास्तर त येतान दर आयतवारी. त्या दगरावर बसतान न पान्याकरं बगतान. आज काय आलं नाय."

"येतील ना?"

"यील त यील. तू उनात नको उभी ऱ्हाऊ."

सोनीबायने मला सावलीत बसवलं. मग तिने जे प्रश्न विचारले ते मी क्रमाने देते, कारण पुढे मला त्यांचा उपयोग झाला.

"जेवलीस का?"

"नाही."

"आमचे घरचा खाशील ना?"

हा प्रश्न विचारताना तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला काय विचारायचंय ते मला कळलं. माझ्यासारख्या बायका यापूर्वी तिच्याकडे काय म्हणाल्या असतील, तेही कळलं. मी ठासून सांगितलं, "खाईन की. का नाही खाणार?"

"मंग बस. तांदलाची भाकर हाय न जवला हाय."

जवळा म्हणजे सुकवलेली बारकी कोलंबी. मी जन्मात मासा खाल्ला नव्हता. अमरावतीत कुणी विचारलं असतं, मासे खाणार का, तर मी हसून नाही म्हटलं असतं आणि तो विषय तिथेच संपला असता. इथे तोच प्रश्न दुसऱ्या नंबरावर आला आणि माझ्या हो-नाहीची उलटापालट झाली. कांदा घालून परतलेला जवळा होता. पहिला घास डोळे मिटून घेतला. दुसरा उघड्या डोळ्यांनी. मग भाकरी संपली तेव्हा मी आणखी मागितली, हे घरी सांगू नका.

जेवताना मी मनाशी नोंद केली. सरांनी आम्हाला शिकवलं होतं की इलेक्ट्रॉनला आधी ‘कुठे आहेस’ विचारलं आणि मग ‘केवढ्या वेगात आहेस’ विचारलं तर एक उत्तर मिळतं, क्रम उलटा केला तर वेगळं. पहिला प्रश्नच त्याला बदलून टाकतो. परीक्षेत मी यावर चांगलं उत्तर लिहिलं होतं. पण स्वतःवर प्रयोग करून पाहायला जवळा लागला. माणूस म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हे, हे मला कळतं. तरी ही गोष्ट दोघांतही तीच आहे, असं माझं तेव्हाच ठरलं.

हिराजी वाफ्याच्या कडेला बसला होता. पाण्यावर पांढरी साय धरू लागली होती. मी काठी घेऊन जरा ढवळायला गेले तर तो ओरडलाच.

"हात नको लाऊस! पानी हालवला का मीठ बारीक परतं. उगा ऱ्हावं दिला का मोठा दाना होतं."

"मग मीठ झालं की नाही हे बघायचं कसं?"

"सारकं बगाचा नाय," हिराजी म्हणाला. "तेचा तो हुतं."

बारा वाजले. सर आले नाहीत. मी रागावून ठाण्याला परतले, शांताकडून पिशवी उचलली आणि डोंबिवलीची गाडी धरली.

डोंबिवली

स्टेशनाबाहेर पडलं की चिंचा, विहिरी, ओट्यांची घरं आणि मध्ये मोकळी भातखाचरं. सगळीकडे कुणी ना कुणी एकमेकांना ओळखतं. आठल्ये म्हटल्यावर तिघांनी एकदम रस्ता दाखवला.

सर ओटीवर बसले होते. खूप वाळले होते. माझा आवाज ऐकून चेहरा फुलला, पण नजर माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी गेली.

"सुमन? अगं, मी तुझ्या पत्राची वाट बघत होतो."

"पत्राची? मी सकाळपासून कळव्याला उन्हात उभी आहे, सर! तुम्हीच बोलावलंत!"

मालतीवहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. तिशीच्या, चटपटीत, बोलायला लागल्या की थांबत नाहीत. "अहो, कळव्याला कशाला गेलेलात? कार्ड मीच पेटीत टाकलेलं. ‘कळवा’ म्हणजे उत्तर कळवा!"

"मला ते ‘कळव’ लिहितील."

"बोलताना. कागदावर मामंजी मांजरालासुद्धा ‘कळवा’ लिहितील. पन्नास वर्षांची सवय आहे त्यांची."

दोघींनीही निवाड्यासाठी सरांकडे पाहिलं. मला खात्री होती की मी बरोबर, त्यांना खात्री होती की त्या. सर बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "लिहिताना मी ठरवलं नव्हतं."

"म्हणजे?"

"कळव्याला भेटलो असतो तर हिराजीसमोर तू डोळ्याचा विषय काढला नसतास. पत्राने विचारलं असतंस तर मला आठ दिवस मिळाले असते. दोन्ही बरं वाटत होतं. शब्द लिहिला आणि पूर्णविराम दिला."

"म्हणजे तुम्हालाच माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"माहीत नसणं वेगळं आणि ठरलेलं नसणं वेगळं. दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं मी हे तुला."

शिकवलं होतंच. झाकल्या मुठीत नाणं असेल तर ते छापा असतं किंवा काटा, आपल्याला फक्त दिसत नाही. इलेक्ट्रॉनचं तसं नाही. भिंतीला दोन फटी ठेवून तो सोडला, तर मोजेपर्यंत तो अमुक फटीतून गेला असं म्हणताच येत नाही. उत्तर लपलेलं नसतं. ते विचारल्यावर तयार होतं. इथे येताना माझी समजूत अशी होती की सरांचा होकार किंवा नकार त्यांच्या पोटात कुठेतरी आहे आणि मला तो काढून घ्यायचाय. आता कळलं की पोटात काहीच नाही. मी जरा घाबरले, हे कबूल करते. हट्टी माणसाशी भांडता येतं. न ठरलेल्या माणसाशी कसं भांडायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात रोज काय होतं ते पाहिलं. वहिनींनी चहाची कपबशी सरांच्या हातात दिली आणि विचारलं, "ठरलं का हो, मामंजी?" सर म्हणाले, "आज नको." दुपारी ताक देताना वहिनींनी पुन्हा विचारलं. "बघू." संध्याकाळी सरांचा मुलगा कचेरीतून आला आणि चप्पल काढायच्या आत त्यानेही विचारलं. "बघू रे."

मी वहिनींना मागच्या दारी गाठलं.

"तीन दिवस विचारू नका."

"अहो काय बोलता! पाऊस तोंडावर आलाय!"

"तुम्ही विचारलं की ते तराजू काढतात, आणि दरवेळी पहिल्यापासून. तो एका बाजूला झुकायला लागायच्या आत तुम्ही पुन्हा विचारता. रोज विचारून तुम्हीच त्यांना ‘आज नको’वर खिळवून ठेवलंय."

"हे तुमच्या पुस्तकात आहे का?"

"थोडं पुस्तकात आहे. थोडं मिठागरात."

वहिनी कबूल झाल्या, नवऱ्यालाही दटावलं. पण त्या तीन दिवसांत त्यांचे हाल बघवत नव्हते. चहा देताना ओठ घट्ट मिटायच्या आणि आत जाऊन पोळपाटावर लाटणं आपटायच्या. मी मुद्दाम सरांना दुसरंच बोलायला लावलं. वऱ्हाडातली हुरडा पार्टी, आमच्याकडची ज्वारीची भाकरी आणि इथला रोजचा भात, कुठला शिपाई वारला, कुठल्या प्राध्यापकाने दात बसवले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन झाल्यावरही सर कपबशी हातात धरून बसून राहिले.

"मालती, आज काही विचारायचं नाही का तुला?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "नाही हो, मामंजी," त्या म्हणाल्या आणि पळत आत गेल्या.

कोपरच्या वाटेवर

त्या दिवशी ऊन उतरल्यावर सर म्हणाले, शेजारच्या कोपर गावापर्यंत फिरून येऊ. खाचरांच्या बांधावरून पायवाट जाते. भात अजून पेरलेलं नव्हतं, जमीन भेगाळलेली. एक म्हातारी पळसाच्या पानांत करवंदं घेऊन बसली होती. आम्ही एक-एक द्रोण घेतला. सर माझा हात धरत नव्हते. काठी टेकत, आठवणीवर चालत होते आणि मला सांगत होते, "इथे डावीकडे आंबा आहे बघ." होता.

मी पोटाशी धरलेला बेत बाहेर काढला. सोनीबायसारखा क्रम लावायचा. आधी असा प्रश्न, ज्याला ते नाही म्हणूच शकणार नाहीत.

"सर, तुमची पुंजवादाची वही अजून आहे?"

"आहे तर."

"ती अर्धीच राहिलीय. पुरी करायचीय ना तुम्हाला?"

सर थांबले. त्यांनी तोंडातली करवंदाची बी थुंकली आणि मिश्कील हसले.

"आता मी ‘हो’ म्हणणार. मग तू विचारणार, वाचता-लिहिता यायला नको का. मग तिसरा प्रश्न ऑपरेशनचा. क्रम बदलतेस होय? अगं, तुला हे शिकवलं कुणी?"

मी इतकी ओशाळले की द्रोण हातातून पडला. करवंदं बांधावरून घरंगळत गेली. सर पुढे चालू लागले. मला माझाच राग आला होता. जिथून शिकले तिथेच शिकवायला गेले होते.

पुढे एका घराच्या परसात दोरीवर धोतर वाळत होतं. वाऱ्याने थोडं हललं. सरांनी काठी काखेत धरली आणि दोन्ही हात जोडले.

"नमस्कार, तात्या! काय म्हणता?"

सर हात जोडून उभे होते. चेहऱ्यावर शेजाऱ्याला भेटल्याचं हसू. मग ते हळूहळू कमी झालं.

"तात्या बोलत का नाहीत आज?"

"सर, तात्या नाहीत."

"मग कोण?"

"धोतर आहे, सर. वाळत घातलंय."

ते आधी हसले. खूप हसले, मीही हसले. मग त्यांनी हात सोडले आणि काखेतली काठी चाचपली. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. त्यांना दिसणार नव्हतंच. त्या क्षणी माझ्याजवळ कसलाही बेत उरला नव्हता, आणि माझ्या तोंडून निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"सर, भीती वाटते का तुम्हाला?"

"वाटते," ते लगेच म्हणाले. "फार वाटते."

इतक्या दिवसांत त्यांनी दिलेलं ते पहिलं सरळ उत्तर होतं. आम्ही बांधावरच बसलो.

"मालती विचारते, कधी करायचं. डॉक्टर विचारतात, कशाला थांबलात. हे मला कुणी विचारलं नाही. अंधाराची भीती नाही गं, तो तर आलाच आहे. पट्टी सोडतात ना, त्या क्षणाची भीती वाटते. हा एकच डोळा आहे माझा. पट्टी सुटेपर्यंत डोळा आला हेही माझं आहे आणि गेला हेही माझं. सुटली की एकच उरणार. मी मोजूच दिलं नाही, तर दोन्ही राहतात."

आता मला काय बोलायचं ते कळलं. आवाज चढू नये म्हणून मी प्रयत्न केला, पण तो चढलाच.

"दोन्ही राहत नाहीत, सर! हे इलेक्ट्रॉनला शोभतं. त्याला वय नाही, त्याला घाई नाही. तुमचा मोतीबिंदू पिकतोय. आज तुमच्याकडे दोन शक्यता आहेत. पाऊस पडल्यावर एकच असेल, आणि ती तुम्ही निवडलेली नसेल. न विचारता ठेवलेला प्रश्न तसाच राहतो, हे फटीच्या भिंतीपाशी खरं असेल. कोपरच्या रस्त्यावर नाही."

खाडीकडून वारा आला आणि दोरीवरचं धोतर पुन्हा हललं. मी खाली पडलेली करवंदं उगाच वेचत बसले.

"हे मी शिकवलं नव्हतं," सर म्हणाले.

"नाही. हे माझं आहे."

"बरोबर आहे," सर म्हणाले. ते काठी टेकून उठले आणि त्यांनी पहिल्यांदाच माझा हात धरला. "उद्या कल्याणला जाऊ."

घरी येऊन सांगितल्यावर वहिनी आत जाऊन रडल्या आणि मग त्यांनी शिरा केला.

कल्याण

कल्याण म्हणजे जुन्या वळणाचं गाव. अरुंद आळ्या, लाकडी सज्जे, खाडीवर होड्या आणि बाजारात सिंधी लोकांची नवी दुकानं. शहाडच्या बाजूला फाळणीनंतर आलेल्या माणसांची मोठी वस्ती आहे. बाजारात एका सिंधी बाईने मला तळलेल्या पापडाचा तुकडा हातावर ठेवून विचारलं, कसा आहे? घर सोडून आलेली बाई दुसऱ्याला पापड चाखवत होती, आणि तोही इतका चांगला! मी दोन गठ्ठे घेतले.

दवाखाना लहान आणि स्वच्छ होता. डॉक्टर कमी बोलणारे. ऑपरेशनच्या आधी सर त्यांना म्हणाले, "मला फक्त एवढं सांगा, तुमची भूक भागलीय ना? उपाशी माणसाचा हात कापतो." डॉक्टर हसले आणि म्हणाले, "पोटभर जेवलोय, मास्तर."

नंतरचे दिवस कठीण गेले. दोन्ही डोळ्यांना पट्टी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, म्हणजे मान हलायला नको. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, जोरात हसायचं नाही. वहिनी डोंबिवलीहून मऊ भात घेऊन येत आणि चमच्याने भरवत. मी वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. सरांनी एकच नियम घातला होता, की कसं वाटतंय हे कुणी विचारायचं नाही. वहिनींनी तो पाळला. शेजारच्या खाटेवरच्या भिवंडीच्या आजोबांनी मात्र पाळला नाही. ते दर तासाला विचारत, "मास्तर, काय म्हणतो डोळा?" आणि सर निजल्या निजल्या म्हणत, "डोळा मौनात आहे."

मला झोप येत नव्हती. कोपरच्या रस्त्यावर मी मोठ्या तोऱ्यात बोलले होते. डोळा गेला तर तो माझ्या शब्दाखातर गेला असता, आणि सरांनी मला एका शब्दानेही दोष दिला नसता. ते मला सहन झालं नसतं. तरीही पुन्हा त्याच बांधावर बसवलं असतं, तर मी तेच बोलले असते.

पट्टी काढायच्या सकाळी डॉक्टरांनी खिडकीचा पडदा अर्धा ओढला. वहिनी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी खाटेजवळ होते. पट्टी सुटली. सरांनी डोळा लगेच उघडला नाही. डॉक्टर थांबले, आम्ही थांबलो. भिवंडीच्या आजोबांनी तोंड उघडलं होतं, पण वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते मिटून घेतलं.

मग सरांनी डोळा उघडला. पाणी आलं. डॉक्टरांनी एक जाड भिंग त्यांच्या डोळ्यासमोर धरलं, जरा मागे घेतलं, जरा पुढे केलं.

"समोर कोण आहे, मास्तर?"

सर पाहत राहिले. त्यांची नजर माझ्या कपाळावर आली, तिथून वर गेली, पुन्हा खाली आली आणि माझ्या डोळ्यांवर थांबली. मी आल्यापासून पहिल्यांदा ती माझ्या खांद्यावरून निसटली नाही.

"सुमन," ते म्हणाले. "अगं, तुझे केस पिकले! मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"तुम्ही विचारलंच नाहीत, सर," मी म्हणाले.